बाबांशी तुमचं बोलणं राहून गेलं

काका, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. मागच्या रविवारी इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आम्ही सगळे तुमच्यासाठी जमलो होतो. मेधाताईंनी एकेकाची ओळख करून दिली. तुमची मुलगी शोभते ती. डोळे सुजलेले असतानाही कोणाचं नाव चुकलं नाही. माझी पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "हा संतोष. बाबांचा गुरुवारचा पाहुणा. याचे वडील तिकडे पोलिसात होते, बाबांना त्याचं फार कौतुक होतं." पन्नास-साठ माणसं माझ्याकडे वळून बघत होती. मी हात जोडले, तुमच्याबद्दल दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि खाली बसलो.

काका, माझे वडील पोलिसात नव्हते. ते होमगार्ड होते. तुम्ही होतात तसेच.

मेधाताईंनी मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिही म्हणून सांगितलं. मी चार वेळा लिहायला बसलो. तुमचा जन्म, तुमची नोकरी, स्वीडनमधली वर्षं हे सगळं लिहिणारे दुसरे लोक आहेत. माझ्याकडे फक्त हे आहे. तुम्ही माझ्या वडिलांशी फोनवर बोलायचं म्हणत होतात, आणि बोललात तर माझं खोटं उघडं पडेल म्हणून मी तो फोन कधी लावून दिला नाही. आता तुम्हाला सांगून उपयोग नाही. बाबांना सांगायचं की नाही, हे मात्र अजून माझ्या हातात आहे, आणि सतरा दिवस मी ते टाळतो आहे.

आपली भेट झाली ती इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, डाळींच्या रांगेत. मी आईशी फोनवर बोलत होतो. "हो गं माय, खाल्लंय की," असं काहीतरी. तुम्ही पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पाकीट हातात धरून उभे होतात. डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात मफलर, बाहेर उणे वीस. मी फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "मराठवाडा?"

"मानवत. परभणी जिल्हा."

"मी मिरजेचा. म्हणजे पंचावन्न वर्षांपूर्वीचा. ही डाळ किती वेळ भिजवावी लागते रे?"

"मला नाही माहीत काका. मी राजमा आणि अंडी, दोनच करतो."

"गुरुवारी संध्याकाळी काय करतोस?"

"गुरुवारी उपास असतो."

"दत्ताचा?" तुम्ही हसलात. "मग उपास सोडायला ये. आमच्याकडेही गुरुवार पाळतात. वेगळा."

तो वेगळा गुरुवार म्हणजे काय ते मला तुमच्या डायनिंग टेबलावर कळलं. स्वीडनच्या सैन्यात गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप आणि नंतर गोड धिरड्यांसारखे पॅनकेक असतात, कित्येक पिढ्यांपासून. त्या सुपात डुकराचं मांस घालतात. तुम्ही घालत नव्हतात. त्याऐवजी वरून मोहरीची पेस्ट आणि, मेधाताई नसतील तेव्हा, थोडं मेतकूट. "हे कुठल्याही सार्जंटला कळलं तर मला बडतर्फ करतील," तुम्ही म्हणायचात. तुमची नात रिया कॉलेजातून घरी आलेली असली तर भांडं बघून म्हणायची, "आजोबा, इट्स जस्ट डाळ." आणि तुम्ही दरवेळी नव्याने दुखावल्यासारखं करायचात.

त्या पहिल्याच गुरुवारी तुम्ही विचारलंत, "वडील काय करतात?"

मी म्हणालो, "पोलिसात होते. आता रिटायर झाले."

हे वाक्य मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा वापरलं. तिथे सगळ्यांचे वडील काहीतरी होते. बँकेत होते, पाटबंधारे खात्यात होते, प्राध्यापक होते. माझ्या बाबांचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, आणि गणपती, निवडणुका, परीक्षा असल्या की ते खाकी घालून बंदोबस्ताला जायचे. खाकी तर खाकी. मी सायकल काढून टाकली आणि खाकी ठेवली. घरात पहिला पदवीधर होणारा मुलगा मी. वाटलं, एवढं चालून जाईल. एकदा चालून गेलं की ते बदलायला निमित्त सापडत नाही.

तुम्ही म्हणालात, "वा. म्हणजे गणवेशातलं घर. मीसुद्धा गणवेश घातलाय, बावीस वर्षं. स्वीडनमध्ये मी होमगार्ड होतो."

आणि मी हसलो.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. रागावून नाही, खरंच कळावं म्हणून विचारलंत, "का हसलास?"

मग मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "काका, आमच्याकडे होमगार्ड म्हणजे गंमत असते. हातात एक काठी, ढगळ शर्ट, मिरवणुकीत पोरं त्यांच्या अंगावरून नाचत जातात. हवालदार त्यांना चहा आणायला पाठवतो. ज्याला पोलिसात घेत नाहीत तो होमगार्ड होतो." मी चहा आणणाऱ्या माणसाच्या चालण्याची नक्कलही केली, बसल्या जागी, खांदे पाडून. ती नक्कल हुबेहूब होती, काका. मी ती रोज घरात बघितलेली होती.

तुम्ही हसला नाहीत. एवढंच म्हणालात, "त्या माणसाला कधी कोणी विचारलं का, तू का येतोस म्हणून?"

मी पॅनकेक खाल्ले, थँक्यू म्हणालो आणि घरी आलो. बर्फातून गाडी चालवताना ठरवलं की पुढच्या गुरुवारी सांगून टाकू. पुढच्या गुरुवारी तुम्ही दारातच म्हणालात, "या फौजदारांचे चिरंजीव," आणि ते पुन्हा राहिलं.

तुमच्या त्या देशाचं सैन्य मला तुम्ही टेबलावर मांडून शिकवलंत. तीन मोठी ताटं मधोमध: भूदल, नौदल, हवाईदल. त्यात पूर्णवेळ नोकरी करणारे थोडे, आणि अठराव्या वर्षी फॉर्म भरून, चाचणी देऊन निवडले गेलेले तरुण. मुलगेही, मुलीही. मधे काही वर्षं ही सक्तीची भरती बंदच केली होती, मग शेजारचं वातावरण बदललं आणि परत सुरू केली. ताटांच्या भोवती सगळीकडे पसरलेले चमचे, ते होमगार्ड: गावागावातले लोक, जे एरवी आपापली कामं करतात आणि वर्षातले ठरलेले दिवस सराव करतात. बंदर, पूल, वीजघर, रेडिओचा मनोरा राखायचं काम त्यांचं, कारण तिथला रस्ता त्यांनाच ठाऊक. आणि मग छोट्या वाट्या, म्हणजे स्वयंसेवी संघटना. कुत्री शिकवणारे, रेडिओवाले, बोटीवाले, गाड्या चालवणारे, बायकांचं जुनं मोठं दल. या वाट्यांतून शिकलेली माणसं चमच्यांमध्ये जातात. तुम्ही गाडीवाल्यांच्या वाटीतून गेला होतात. पट्ट्यांवर चालणारी, एकामागे एक जोडलेल्या दोन डब्यांची गाडी तुम्ही बर्फातून चालवायचात.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं काय?" तुम्ही दरवेळी विचारायचात.

"आजोबा इज डूइंग द टेबल थिंग अगेन," रिया फोनमधून डोकं वर न काढता म्हणायची.

"टेबल!" तुम्ही हाताने ठोकून म्हणायचात. "सोळा ते सत्तर, देशात राहणारा प्रत्येक माणूस. वेळ आली तर प्रत्येकाला काहीतरी करावं लागतं. नर्स नर्सचं, बेकर बेकरचं. टेबल नसेल तर ताटं ठेवशील कुठे?"

मी तेव्हा मान डोलवायचो. माझं लक्ष निम्मं सुपात असायचं. तुम्ही कुठल्या बोगद्यात, कुठल्या पुलावर किती थंडीत उभे होतात, तिथे तुमच्याबरोबर कोण होतं, काय खायचात, हे विचारायचं मला सुचलंच नाही. तुम्ही रचना सांगितलीत, मी रचना ऐकली. आम्ही इंजिनिअर लोक असेच. आकृती समजली की सगळं समजलं असं वाटतं.

एकच गोष्ट तुम्ही न विचारता सांगितलीत. तुम्ही तिकडे गेलात तेव्हा त्या गावात तुम्ही आणि काकू सोडून आपलं कोणी नव्हतं. पंधरा वर्षं राहूनही शेजाऱ्याशी हवामानापलीकडे बोलणं होत नव्हतं. मग एका शरद ऋतूत समोरच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा जंगलात हरवला. तासाभरात होमगार्डची माणसं आली. तुम्ही बघितलंत तर त्यात तुमचा पाववाला होता, मेधाताईंच्या शाळेतले गणिताचे सर होते, पोस्टातली बाई होती. तुम्ही तसेच ऑफिसच्या बुटांनी त्यांच्यात जाऊन उभे राहिलात. सगळ्यांनी एका ओळीत, हातभर अंतर ठेवून, जंगलातून चालायचं. पाववाला तुमच्या डावीकडे, पोस्टातली बाई उजवीकडे. मुलगा दुपारी एका पडलेल्या झाडाखाली झोपलेला सापडला. तुमचे बूट गेले ते गेलेच.

"त्या दिवशी," तुम्ही म्हणालात, "त्या देशात पहिल्यांदा माझ्या डावीकडे कोणीतरी होतं आणि उजवीकडेही होतं. मी दुसऱ्या आठवड्यात जाऊन नाव दिलं."

मी ते ऐकलं आणि माझ्या अपार्टमेंटवर परत आलो. शेजारी कोण राहतं हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. अजूनही नाही.

काका, तुमचं-माझं भांडण संपलं नाही. तसं एकच होतं, आपण ते वेगवेगळ्या निमित्तांनी काढायचो. मी म्हणायचो, स्वीडनमध्ये स्वयंसेवक होणं शोभतं. तिथे पाववाल्याला सरकार चांगला गणवेश देतं, नीट शिकवतं, बंदूक घरी न्यायला देण्याइतका विश्वास ठेवतं. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे ज्याला दुसरं काही मिळालं नाही तो. तुम्ही म्हणायचात, तुला काय वाटतं, आम्हाला कोणी हसलं नाही? पगारी अधिकारी आम्हाला जंगलातले म्हातारे म्हणायचे. मधल्या काळात सरकारलाही वाटलं आता युद्धबिद्ध काही होत नाही. आमच्या गावातली रेजिमेंट मोडली, बराकीत फ्लॅट झाले. तेव्हाही दर शनिवारी आम्ही सोळा जण जमायचो, कारण सही केली होती.

"पण स्वयंसेवक म्हणजे नाही म्हणायची मुभा असलेला ना?" मी म्हणालो होतो.

"नाही म्हणायचं ते सही करायच्या आधी," तुम्ही म्हणालात. "नंतर जायचं."

"हसले तरी?"

"हसले तरी. अरे, हसणारा घरी बसलेला असतो. त्याचं काय मनावर घेतोस?"

मी सूप ढवळत बसलो. तुम्हाला वाटलं मी हरलो. मी हरलो नव्हतो. मला घरी बसून हसणारा कोण ते दिसत होतं.

स्वीडन जेव्हा मोठ्या लष्करी गटात सामील झाला, तो दिवसही आठवतो. आपण टीव्हीसमोर होतो. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. करायलाच हवं होतं. पण आता दुसरे येतील म्हणून आपण आपलं सोडलं, असं होऊ नये." जाहिरात लागल्यावर म्हणालात, "सत्तराव्या वाढदिवसाला मी काकूला म्हणालो होतो, आजपासून मी कुणाच्याच यादीत नाही. ती म्हणाली, माझ्या यादीत आहात, भाजी आणा." त्यानंतर दीड वर्षात काकू गेल्या आणि मेधाताईंनी तुम्हाला इकडे आणलं. दिवसभर सगळे कामावर, तुम्ही खिडकीशी. रस्त्यावर चालणारं एक माणूस नाही, नुसती गॅरेजची दारं उघडतात आणि बंद होतात. तुम्ही मला गुरुवारी बोलावत होतात ते माझ्यासाठी असं मी समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एका सकाळी आमची सगळी टीम काढली. व्हिसावरच्या माणसाला साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर बॅग भरायची. मी घरी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं. तुम्ही सहानुभूती दाखवली नाहीत, म्हणालात, "उद्या सकाळी आठला लॅपटॉप घेऊन ये. उशीर चालणार नाही." मी रोज आठला यायचो. तुम्ही दार उघडून घड्याळ बघायचात. मी टेबलाच्या एका टोकाला अर्ज करत बसायचो, तुम्ही दुसऱ्या टोकाला पेपर वाचत. साडेदहाला चहा. बारा वाजता तुम्ही विचारायचात, "आज किती?" मी आकडा सांगायचो. मुलाखतीत नापास होऊन आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं. जेव आणि पुढचा काढ." एकदाही म्हणाला नाहीत की सगळं ठीक होईल. त्यामुळेच मी टिकलो. नोकरी लागली ती एकावन्नाव्या दिवशी. मी तुमच्या पाया पडायला वाकलो तर तुम्ही दंड धरून उभं केलंत.

"पाया पडू नकोस. वडिलांना फोन लाव," तुम्ही म्हणालात. "मला त्यांना सांगू दे. तुमचा मुलगा पन्नास दिवस रोज वेळेवर आला, एकही दिवस चुकला नाही. खाकीतल्या माणसाला हे सांगितलं की कळतं."

ती तिसरी वेळ होती. त्याआधी एकदा दिवाळीत म्हणाला होतात. मी म्हणालो, तिकडे आता पहाट आहे. एकदा रियाच्या ग्रॅज्युएशनला. मी म्हणालो, बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. बाबांना मुंगी चाललेली ऐकू येते. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "काका, त्यांना नोकरी गेली होती हेच माहीत नाही. काळजी करतील. पुढे कधीतरी." तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत. मग म्हणालात, "तुझी मर्जी." तुम्हाला काही कळलं होतं का, काका? मी सतरा दिवस याच गोष्टीवर येऊन थांबतो. तुम्ही बावीस वर्षं माणसं ओळखून पुलावरून सोडण्याचं काम केलेलं.

चौथी वेळ आपल्या शेवटच्या गुरुवारी. सूप मेधाताईंनी केलं होतं, तुम्ही दोन चमचे घेतलेत. तुम्ही म्हणालात, "संतोष, तुझे वडील रात्रपाळी करायचे का?"

"हो."

"मग त्यांच्याशी बोलायचंय. रात्री उभं राहिलेल्या माणसाशी बोलून फार दिवस झाले. इथे सगळे झोपलेले लोक."

मी म्हणालो, "नक्की काका. रविवारी लावतो."

रविवारी तुम्ही हॉस्पिटलात होतात, आणि त्यानंतर फोनवर बोलण्यासारखे राहिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर दोन गुरुवार गेले. पहिल्या गुरुवारी मी उपास केला आणि संध्याकाळी काय खाऊन सोडायचा ते कळेना. दुसऱ्या गुरुवारी तुमच्या घरावरून गाडी नेली. गॅरेजचं दार बंद होतं. थांबून बेल वाजवली असती तर मेधाताईंनी आत घेतलं असतं, पण काय म्हणून जायचं? तुमच्यामुळे मी त्या घराचा होतो, हे तुम्ही असताना कधी जाणवलं नाही. रविवारच्या सभेत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर लोकांनी कोट ठेवले होते.

इथवर लिहून आठवडाभर कागद बाजूला ठेवला होता. काल शनिवारी सकाळी मी बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ. ते अजून दुकान बंद करत होते.

"बोल. जेवलास का?"

"सकाळ आहे बाबा इथं."

"मग च्या?"

"झाला. बाबा, ते अनंतकाका, ज्यांच्याकडे मी गुरुवारी जायचो..."

"ते वारले म्हणून आईला सांगितलास की. वाईट झालं. वय काय होतं?"

"एकोणऐंशी. बाबा, ते होमगार्ड होते."

बाबा म्हणाले, "अमेरिकेत?"

"स्वीडनमध्ये. आधी तिथं राहायचे."

"तिथं बी असतेत होय?"

मग मी सगळं सांगितलं. पाववाला, गणिताचे सर, दोन डब्यांची गाडी, पूल, घरी नेलेली बंदूक. बाबा मधून मधून "हां, हां" करत होते. शेवटी मी म्हणालो, "त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं. चार वेळा म्हणाले. मी फोन लावून दिला नाही."

"का?"

"मी त्यांना सांगितलं होतं तुम्ही पोलिसात होतात."

मागे कोणीतरी हवा भरायला आलं होतं. बाबांनी त्याला "उद्या ये" म्हणून परत पाठवलं. शटर ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हुद्दा काय सांगितलास?"

"हुद्दा नाही सांगितला."

"जमादार तरी सांगायचं." ते हसत होते की नाही ते मला कळलं नाही. मग वेगळ्या आवाजात म्हणाले, "तुझ्या धाव्वीच्या परीक्षेला माझी डूटी तुझ्याच शाळेच्या गेटवर लागली होती. मी साहेबाला म्हणलो होतो, मला दुसरं सेंटर द्या, पोराला अवघड होईल. ते नाही म्हणले."

मला आठवत होतं, काका. गेटबाहेर पोरं बाबांना चिडवत होती, काठीला हात लावून पळत होती, आणि मी हॉल तिकीट छातीशी धरून त्यांच्या समोरून आत गेलो, बघितलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की बाबांनी मला बघितलं नसेल. आता कळलं, मला ते सोपं जावं म्हणून त्यांनीच तोंड पलीकडे केलं होतं.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"असू दे. लहान होतास." मग लगेच, जणू तो विषय संपला, "ते बंदूक घरी न्यायचे म्हणलास ना?"

"हो. त्या काळी."

"मग घरात ठेवायचे कुठं? लेकरं होती की घरात."

"माहीत नाही बाबा."

"आन् बायको काय म्हणायची?"

"माहीत नाही."

"बरफात रात्रभर उभं ऱ्हायचं म्हणजे पायाचं काय करायचे रे? आम्हाला इथल्या थंडीत पहाटे पाय आपले आहेत का नाहीत कळत नव्हतं. ते आतून काय घालायचे? का चोळायचे काही?"

"मला नाही माहीत."

"झोप आली तर? दोघं असायचे का एकटाच?"

"तेही माहीत नाही."

"पाच वर्षं जेवलास त्यांच्याकडं," बाबा म्हणाले, "आन् एवढं बी विचारलं नाहीस?"

"नाही, बाबा."

"मी विचारलं असतं," बाबा म्हणाले.